चाक नसलेला गळ

वर्षावास संपला की आमच्या घराचा वास बदलतो. आमच्या मातोश्री आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मासे-मटणाला हात लावत नाहीत, आणि त्या लावत नाहीत म्हणजे घरात कोणालाच मिळत नाही. सुकटीचा डबासुद्धा माळ्यावर जातो. तीन महिने वाल, चवळी, अंबाडी आणि पुन्हा वाल. त्यामुळे आश्विन पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार आमच्या कळंबोलीच्या दोन खोल्यांत किती महत्त्वाचा असतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

या खेपेला त्या रविवारच्या आदल्या रात्री आमचा भाचा एक लांबट पुठ्ठ्याची नळी घेऊन दारात हजर झाला. तो ऐरोलीच्या एका कंपनीत संगणकावर रात्रपाळी करतो. अमेरिकेतली माणसे जागी असतात तेव्हा आपल्या पोरांना जागावे लागते, त्यातला प्रकार. नळीतून त्याने हातभर लांबीची एक काळी काठी काढली. टोकाची गुंडी फिरवून तो ती ओढत गेला, तशी आतून काठी, तिच्या आतून आणखी काठी अशी निघत गेली. बघता बघता बारा फूट झाली आणि टोक पंख्याला लागले. वजन म्हणाल तर पोस्टातल्या जाड पाकिटाएवढे. शेंड्याला एक इवलीशी दोरी. बस्स. चाक नाही, दांडी नाही, काही नाही.

“मामा, ही टेन्कारा. जपानी पद्धत आहे.”

आमचे तात्या, म्हणजे वडील, खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. काठीच्या शेंड्याला बोट लावून वाकवून पाहिले, सोडून दिले, पुन्हा वाकवले.

“केवढ्याची?”

भाच्याने आकडा सांगितला. आमच्या मातोश्री आत भांडी लावत होत्या, त्यांच्या हातून वाटी पडली.

तात्या म्हणाले, “अरे बाळा, ही तर आमचीच काठी. सावित्रीच्या काठाला आम्ही बांबू तोडून करायचो. फुकट.”

वाचकहो, गंमत अशी की तात्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही भाच्याकडून सगळे समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो. जपानच्या डोंगराळ मुलखात थंड पाण्याचे ओढे आहेत. तिथली गरीब माणसे बांबूच्या लांब काठीला तेवढ्याच लांबीची दोरी बांधून मासे धरायची आणि खालच्या गावांतल्या खाणावळींना, गरम पाण्याच्या कुंडांजवळच्या धर्मशाळांना विकायची. तो त्यांचा धंदा होता, हौस नव्हे. इवाना, यामामे, अमागो अशी त्या माशांची नावे. ट्राऊटच्या जातकुळीतलेच ते. टेन्कारा या नावाचा अर्थ काही जण ‘आभाळातून’ असा लावतात, कारण माशाला आमिष आभाळातून पडल्यासारखे दिसते. २००९ नंतर ही पद्धत अमेरिकेत गेली, तिथल्या शौकिनांना आवडली आणि किंमत भाच्याने सांगितली तेवढी झाली. गरिबाची भाकरी शहरात गेली की हॉटेलात कशी महाग होते, तसेच हे.

यात आमिष म्हणून किडा लावत नाहीत. बारीक गळाला दोरा गुंडाळतात आणि त्यावर पक्ष्याचे एक पीस असे बांधतात की त्याचे केस पुढच्या बाजूला, गळाच्या डोळ्याकडे झुकलेले राहतात. पाण्यात दोरी जराशी हलवली की ते केस मिटतात आणि उघडतात. माशाला वाटते जिवंत किडा आहे. साहेबी पद्धतीच्या गळात म्हणे शेकडो तऱ्हेच्या पिसांच्या माश्या डबीत भरून न्यायच्या असतात, या ऋतूला ही, त्या पाण्याला ती. जपानचे जुने मासेमार एकाच तऱ्हेच्या पिसावर जन्म काढीत. सामान थोडे, हात तयार. हे आम्हाला आवडले.

ज्या माशासाठी एवढा खटाटोप, तो ट्राऊट मात्र आपल्याकडचा नव्हे. त्याला खळाळते, बर्फाच्या वाणीचे पाणी लागते. वीस अंशांच्या वर पाणी तापले की तो कासावीस होतो. आपल्या गाढी नदीत आणून सोडला तर होळीसुद्धा बघायचा नाही. हिंदुस्थानात तो इंग्रज साहेबांनी आपल्या करमणुकीसाठी आणला. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून बोटीने अंडी काश्मीरला आली, पुढे कुलूकडे आणि निलगिरीच्या डोंगरातही ट्राऊट पोचला. नद्या राखीव झाल्या. काश्मीरात ट्राऊटच्या पाण्यात गळ टाकायला अजूनही मत्स्यखात्याचा परवाना काढावा लागतो. पाणी कोणी कुठे वापरायचे यावरून महाडला काय घडले, ते या पानाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे! पण साहेबाने माशासाठी राखलेले पाणी, हा प्रकार आम्हाला नवा होता.

“मग उद्या जायचं कुठं?” आम्ही विचारले.

“गाढीला,” तात्या म्हणाले. “देहरंगच्या खाली. मी येतो.”

तात्यांचे वय सत्तरीच्या घरात. धर्मांतर झाले त्याच वर्षी, १९५६ साली, त्यांचा जन्म. निवृत्त झाल्यापासून ते विहारापलीकडे फारसे कुठे जात नाहीत. त्यांनी आपणहून येतो म्हणावे, हेच नवल.

सकाळी सहाला निघालो. आम्ही, तात्या, भाचा आणि आमची सातवीतली कन्या. पनवेलहून नेऱ्यापर्यंत शेअर रिक्षा मिळते, पुढे पायी. तात्यांनी वाटेत रिक्षा थांबवायला लावून एका ओळखीच्या माणसाच्या बांधावरून बांबूची एक सरळ काठी मागून घेतली. जून झालेली, पिवळी पडलेली. ओली काठी वाकते आणि तशीच राहते, म्हणून जुनी घ्यावी, असे त्यांनी नातीला सांगितले. बारीक वाक असेल तिथे काठी निखाऱ्यावर जरा शेकायची आणि गुडघ्यावर दाबून सरळ करायची. शेंड्याला तंगूस बांधायचा, काठीएवढाच लांब. जास्त लांब ठेवला तर मासा हाताशी येत नाही. वितभर वरती मोरपिसाच्या दांड्याचा तुकडा बांधायचा, तो पाण्यावर उभा राहतो. शिशाचा दाणा. गळ. झाले. आमच्या हिशेबाने तीस रुपयांत सगळे, त्यातले वीस तंगुसाचे.

गाढी माथेरानच्या डोंगरातून उतरते. धोदाणी, मालडुंग्याकडून येऊन ती देहरंगच्या धरणात थांबते, तिथून नेऱ्यावरून पनवेलकडे जाऊन खाडीला मिळते. हे धरण पनवेलकरांच्या पिण्याच्या पाण्याचे. पावसाळ्यात या भागात मुंबईकडची पोरे गर्दी करतात आणि दरवर्षी कोणा ना कोणाच्या घरी रडारड होते. पोलीस मनाईहुकूम काढतात, तरी जातात. आपल्या मुलांना पावसाळ्यात तिकडे पाठवू नये, ऑक्टोबरात पाणी उतरल्यावर मोठ्या माणसाबरोबर जावे. आणि धरणाच्या तलावात गळ टाकायचा असेल तर आधी विचारावे. असे तलाव सहकारी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तिथले मासे त्यांच्या पोटाचे असतात.

आम्ही धरणाच्या बरेच खाली, दगडांमधून पाणी वाहते तिथे बसलो. दोन्ही बाजूंना भात पिवळे झालेले. पाणी घोट्यापासून मांडीपर्यंत, आणि इतके स्वच्छ की तळाचा वाळूचा कण दिसावा. पलीकडे दोन कातकरी बायका दगडांखाली हात घालून खेकडे धरत होत्या. आमच्या कार्बनच्या काठीकडे त्यांनी एकदा पाहिले, एकमेकींकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

भाच्याने पिसाचा गळ फेकला. पहिल्या खेपेला तो मागच्या करवंदीत अडकला, दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला भाच्याच्याच टोपीत. तात्या दगडावर बसून गांडूळ लावत होते, वर न बघता म्हणाले, “हाताने नको टाकू. काठीला टाकू दे. घड्याळात बारावर थांबव.”

“आजोबा, तुम्हाला कसं माहीत? व्हिडिओतपण हेच सांगतात.”

“व्हिडिओवाल्याला विचार त्याला कोणी शिकवलं.”

बारावर थांबवल्यावर दोरी खरेच सुटली. पीस पाण्यावर टेकले, वाहत आले, भाच्याने शेंडा जरा जरा हलवला. दगडाच्या आडून चमचमते काहीतरी वर आले आणि पाणी फुटले. भाच्याने इतक्या जोराने ओढले की पीस परत करवंदीत. असे चार-पाच वेळा झाले. मग एकदाचा अडकला. हाताच्या बोटाएवढा, जरा मोठाच, अंग चांदीचे आणि कुशीला काळपट उभे पट्टे. झोऱ्या. काही गावांत जोऱ्या म्हणतात. वाहत्या स्वच्छ पाण्याचा मासा, पाण्यावर पडलेले किडे टिपून खातो, म्हणून पिसाला फसतो. याच जातीला इंग्रजांनी ‘हिल ट्राऊट’ असे नाव ठेवले होते, हे भाच्याने मोबाइलवर शोधून वाचून दाखवले. साहेबाला आपल्या ओढ्यात त्याचा घरचा मासा दिसला म्हणायचा!

भाच्याने झोऱ्याचा फोटो काढला, ओल्या हाताने गळ सोडवला आणि मासा अलगद पाण्यात ठेवला. मासा क्षणभर हातात थांबला आणि गेला.

“सोडलास का?” आमची कन्या.

“टेन्कारावाले सोडतात. पकडायचा, सोडायचा. माशाला मारायचं नाही.”

आता पुढचा संवाद आम्ही जसाच्या तसा देतो, कारण त्या दिवसाचे खरे काम तिथून सुरू झाले.

कन्या म्हणाली, “मारायचं नाही तर तोंडाला गळ कशाला टोचायचा?”

भाचा म्हणाला, “खेळ आहे तो.”

“कोणाचा खेळ? माशाचा?”

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही नदीकडे पाहिले. कन्या थांबायला तयार नव्हती. दर रविवारी विहारात ती पंचशील म्हणते, तेही पुढे उभी राहून. तिने मोर्चा आजोबांकडे वळवला. “आजोबा, पहिलं शील काय आहे? मग तुम्ही का मारताय?”

तात्यांच्या पिशवीत तोवर दोन मासे होते. एक चिलापी, म्हणजे ती परदेशी तिलापिया, १९५२ साली आपल्या देशात आणलेली आणि आता डबक्यापासून धरणापर्यंत सगळीकडे माजलेली. आणि एक मुरी. तात्यांनी काठी दगडात खोवली.

“बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हे सोडवून ठेवलंय. मारायची इच्छा वेगळी आणि मारायची गरज वेगळी. बुद्धाने त्या दोघांत फरक केला. नुसत्या इच्छेपायी जीव घ्यायचा नाही. जैनांसारखा तो नियम नाही, ते तत्त्व आहे. नियम माणूस डोळे मिटून पाळतो, तत्त्व वापरायचं तर डोकं लागतं. माझ्या लहानपणी आमच्या घरात गरज होती. वलगणीचे मासे चढले की बाबा रात्री पलिता घेऊन खाचरात जायचे, चार दिवस घरात सगळ्यांना पोटभर मिळायचं. वर्षात तेवढेच चार दिवस.”

“आणि आज?” कन्या म्हणाली. “आज घरी आजीने भाजी केलीय. भात आहे. मग आज इच्छा की गरज?”

आम्हाला वाटले तात्या रागावतील. ते रागावले नाहीत. बराच वेळ मोरपिसाकडे बघत बसले. पीस दोनदा बुडाले, त्यांनी ओढले नाही.

आमचे मत विचाराल तर, सोडून देण्याच्या त्या खेळाचे आम्हाला कौतुक वाटले नाही. माशाला खायचे नाही, तरी त्याच्या तोंडात पोलाद अडकवायचे, त्याची तडफड काठीतून हातात अनुभवायची आणि मग दया केली म्हणून फोटो काढायचा, यात इच्छेशिवाय दुसरे काय आहे? जो खाण्यासाठी धरतो तो निदान माशाशी खोटे बोलत नाही. जपान तर बौद्धांचा देश. तिथल्या मासेमारांच्या वस्त्यांत माशांच्या स्मरणार्थ दगड उभारलेले आहेत. ज्याच्या जिवावर आपण जगलो त्याची आठवण म्हणून तिथे पूजाविधी होतात. तो दगड उभारणारा माणूस आम्हाला कळतो. अर्थात भाच्याने पाच दिवस रात्रभर पडद्याकडे डोळे लावल्यानंतर एक सकाळ पाण्यात उभे राहावेसे वाटणे, ही गरज नाही असे तरी आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत आम्ही असा उजेड पाहिला नव्हता.

तात्या बोलले ते दुपारी, भाकऱ्या सोडल्यावर. तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, वालाची उसळ. वाल काही सुटत नाहीत. ते असे एकदम बोलत नाहीत, म्हणून आम्ही हातातला घास तसाच धरून ऐकले.

“पहिल्यांदा मी इकडे आलो ते १९८४ साली. तळोज्याला कामाला लागलो. रंगाचं आणि केमिकलचं काम. तेव्हा कासाडी अशी होती.” त्यांनी समोरच्या पाण्याकडे हात केला. “अशीच. रविवारी सुट्टी. मी काठी घेऊन कासाडीला जायचो. बोय मिळायची खाडीकडच्या अंगाला, भरतीबरोबर वर यायची. वर शिंगाळा, मरळ. एकदा जिताडाही लागला होता, हा एवढा. तुझी आजी तेव्हा नवी होती, तिला कापता आला नाही, शेजारच्या आगरी बाईने कापून दिला. अर्धा तिला दिला.”

“मग आता तिथे का नाही जात आपण?”

“आता तिथे काय आहे?”

वाचकांपैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना कासाडी माहीत आहे. बाकीच्यांना सांगतो. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून नावडे, कळंबोली, कामोठ्याच्या बाजूने ही नदी खाडीला जाते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा परिसरात रस्त्यावरचे कुत्रे निळे झालेले दिसले. कोणी रंगवले नव्हते. कारखान्यातून बाहेर पडलेल्या रंगात ते लडबडले होते. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला टाळे ठोकले. नदीचे प्रकरण मच्छीमारांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. कुत्रे निळे झाले म्हणून जगाला दिसले. मासे काय होतात ते पाण्याखाली होतात. रसायनांच्या पाण्यातला मासा ताजा दिसला तरी जड धातू त्याच्या अंगात साठत जातात, शिजवून ते निघत नाहीत. आमच्या वस्तीत अजूनही काही जण नाल्याच्या तोंडाशी गळ टाकतात, फुकट मिळते म्हणून बाया घरी नेतात. कृपा करून नेऊ नका. मुलांना आणि पोटुशी बाईला तर मुळीच घालू नका.

तात्या पुढे म्हणाले, “आमच्या कारखान्यात एक टाकी होती. दिवसा तिचं पाणी शुद्ध करायच्या यंत्रात जायचं. बाहेरून कोणी बघायला आलं की यंत्र चालू. त्याला वीज फार लागायची. रात्रपाळीला वरून सांगणं यायचं, झडप उघडा. नाल्याकडची झडप. पावसाळ्यात तर रोज. पाऊस जोरात असला की रंग कळत नाही.”

कोणी काही बोलले नाही.

“कोण उघडायचं?” आमच्या कन्येने विचारले. तिला अजून कुठे थांबायचे ते कळत नाही. किंवा कळते म्हणूनच विचारते.

“ज्याची पाळी असेल तो. माझी पण असायची.” तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. “मोठं चाक होतं झडपेला. दोन्ही हातांनी फिरवावं लागायचं. शनिवारी रात्री फिरवायचो आणि रविवारी सकाळी काठी घेऊन त्याच नदीला जायचो. दोन-तीन वर्षं तसं चाललं. मासे आधी कमी झाले, मग त्यांना वास यायला लागला रॉकेलसारखा. मग एका रविवारी काठावर पांढरे पोट वर करून पडलेले दिसले, लांबपर्यंत. त्या दिवशी काठी तिथेच टाकून आलो. परत गळ धरला तो आज.”

आम्ही तात्यांचे थोरले चिरंजीव. तात्यांच्या त्या पगारावर आमची शाळा झाली, बहिणीचे नर्सिंग झाले, कळंबोलीचे हे घर झाले. त्यांनी १९८४ पासून तीस वर्षे नोकरी केली. घरी हातपाय धुतल्यावर मोरीत पिवळे पाणी जायचे, ते आम्हाला आठवते. लहानपणी आम्हाला ती गंमत वाटायची. कधी पिवळे, कधी जांभळे. पण झडपेची गोष्ट आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकली. आईला ठाऊक होती की नाही, आम्ही अजून विचारलेले नाही.

“आजोबा,” कन्या म्हणाली, “ती गरज होती ना?”

“नोकरी गरज होती,” तात्या म्हणाले. “झडप गरज होती का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एकाने नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने फिरवली असती. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते बघायला आम्ही थांबलो नाही. युनियनमध्ये बोनसवर बोलायचो, झडपेवर कोणी बोललं नाही. मीही नाही.”

मग ते उठले, हात धुतले आणि भाच्याला म्हणाले, “दे बघू तुझी ती जपानी.”

तात्यांनी कार्बनची काठी हातात घेतली. प्रथम तिचा तोल पाहिला, मूठ जराशी वर धरली. एकदा हलकेच मागे, बारावर थांबली, मग पुढे. पिसाचा गळ वीस हात पलीकडच्या दोन दगडांच्या मधोमध पडला, जिथे भाचा सकाळपासून टाकायला बघत होता. तात्यांनी शेंडा दोनदा थरथरवला. पाणी फुटले. त्यांनी ओढले नाही, नुसती मूठ वळवली. झोऱ्या लागला, मघाच्या दुप्पट. पाठोपाठ आणखी एक. पलीकडच्या बायका खेकड्यांची टोपली खाली ठेवून बघायला लागल्या होत्या.

तिसरा झोऱ्या अंगठ्याएवढा होता, तो तात्यांनी सोडला. “हा सोडायचाच असतो,” ते नातीला म्हणाले. “ही तुझ्या मामेभावाची का आत्तेभावाची, त्या व्हिडिओवाल्यांची दया नाही. पुढच्या वर्षाची भाकरी आहे.” नाती लावताना तात्या नेहमीच चुकतात, तो तिचा आत्तेभाऊ.

निघण्यापूर्वी भाच्याने गुंतलेला, तुटलेला सगळा तंगूस करवंदीतून वेचून खिशात भरला. पाणकावळ्याच्या, बगळ्याच्या पायाला तो गुंडाळला की पक्षी उपाशी मरतो. हे काम त्याने न सांगता केले, याची नोंद आम्ही इथे घेत आहोत. दुसरी नोंद अशी की कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा आभाळ गडगडत असताना ती उभी धरू नये. बांबूवाल्यांनीही तारांपासून लांबच राहावे. आणि ब्लीचिंग पावडर ओतून किंवा सुरुंगाचा बार उडवून मासे मारणारी जी टोळकी आपल्या वस्त्यांतून रात्री जातात, त्यांनी लक्षात ठेवावे की १८९७ सालच्या कायद्यापासून तो गुन्हा आहे. एका बारात जेवढे मासे मरतात त्यातले बरेच तळाला जाऊन कुजतात, आणि हात तुटलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पिशवीत दोन चिलापी, एक मुरी, सहा झोऱ्या. नऊ जणांच्या चाळीच्या मजल्याला पुरतील एवढे नाहीत, आमच्या घराला एक वेळ होतील. आईने झोऱ्या राखेत घोळवून खवले काढले, पोट साफ केले, हळद-मीठ लावले. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर पाट्यावर वाटली; मिक्सर आहे, पण माशाला ती पाटाच वापरते. चार आमसुले. पातेल्यात पळी घालायची नाही, पातेलेच धरून हलवायचे, नाहीतर मासा मोडतो. तीन महिन्यांनी घरात तो वास आला आणि शेजारच्या दारातून “ताई, आज काय?” अशी हाक आलीच. एक वाटी तिकडे गेली.

ताटे वाढली. आम्ही कन्येकडे बघत होतो. ती खाणार की नाही याची आम्हाला सकाळपासून धाकधूक होती. तिने कालवणाचा भात कालवला, मासा बाजूला ठेवला, भात खाल्ला.

“मासा?” आईने विचारले.

“मी अजून ठरवलेलं नाही,” ती म्हणाली.

तात्यांनी मान हलवली. तिच्या ताटातला झोऱ्या उचलून आपल्या ताटात घेतला, काटा अखंड काढला आणि सावकाश खाल्ला. डोक्याकडचा भागसुद्धा टाकला नाही.

बांबूची काठी आता आमच्या बाल्कनीत उभी आहे, कपड्यांच्या दोरीच्या मागे. भाच्याची काळी काठीही तो इथेच ठेवून गेला आहे. मागच्या रविवारी तात्या विहारातून आले ते एक कोरी वही घेऊन. त्या कारखान्यात कोणकोणत्या वर्षी, कोणत्या पाळीला झडप उघडली जायची, ते त्यांना आठवेल तसे लिहून काढायचे आहे. बरोबरीचे चार जण अजून हयात आहेत. एक कामोठ्याला, दोन खांदा कॉलनीत, एक गावी. त्यांनाही विचारायचे आहे. अक्षर त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून ते सांगतात आणि आमची कन्या लिहून घेते. पहिल्या पानावर तारीख आहे. त्याखाली तिने आधी नदीचे नाव लिहिले आहे.